उंची कुणाची, हौस कुणाची

सुरुवातीलाच स्पष्ट सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचून मग रुसवेफुगवे नकोत. सात-आठ वर्षांच्या पोराला सतरा-साडेसतरा हजार फुटांवर चढवून आणण्यात त्या पोराचं काही भलं आहे असं मला वाटत नाही. भलं झालंच तर नेणाऱ्याचं होतं. फोटो त्याला मिळतो, शाल-श्रीफळ त्याच्या हातात पडतं, आणि पुढची दहा वर्षं "आमचं पिल्लू जेव्हा बेसकॅम्पला गेलं होतं ना..." अशी गप्पांची सुरुवात करायचा हक्क त्याला मिळतो.

आणि हे वाचून ज्यांनी आत्ताच मान डोलावली असेल, "बघा, आम्ही म्हणतच होतो, कशाला न्यायचं लेकरांना डोंगरात!", त्यांनी जरा थांबावं. माझं भांडण त्यांच्याशीही आहे. कदाचित थोडं जास्तच आहे.

(हा ब्लॉग आमच्या घरातली निम्मी मंडळी वाचतात हे मला ठाऊक आहे. ठाऊक असूनच लिहितोय. फोनवर बोलायला गेलं की दोन मिनिटांत विषय बदलतो, आणि घरच्या ग्रुपवर लिहिलं तर त्यावर चाळीस 'शुभ सकाळ' येऊन पडतात. इथे निदान सलग बोलता येतं.)

तर झालंय असं, की आमच्या घरात सध्या दोन बेत एकदम शिजतायत. पुण्याचा भाचा आपल्या आठ वर्षांच्या मुलीला दिवाळीच्या सुट्टीत एव्हरेस्टच्या बेसकॅम्पला न्यायचं म्हणतोय. आणि गावाकडे, म्हणजे नरसीला, आमचे धाकटे बंधू आणि भावजय पुढच्या मे महिन्यात चारधामला निघालेत. सोबत दोन नातवंडं. एक सहा वर्षांचं, दुसरं चार. गंमत अशी की दोन्ही पार्ट्या एकमेकांना नावं ठेवतायत. नरसीचे म्हणतात, "पुण्याच्यांना पैसा जास्त झालाय, लेकराला बर्फात घेऊन चालले." पुण्याचे म्हणतात, "आम्ही निदान अभ्यास करून चाललोय, हे तर देवाच्या नावावर पोरांना गर्दीत रेटतायत." माझ्या मते दोघंही समोरच्याबद्दल जे बोलतायत ते बरोबर आहे. फक्त तेच स्वतःलाही लावून बघायला हवं, एवढंच. :)

आधी उंचीचा हिशोब करू. नरसी नामदेव हे गाव, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हिंगोली जिल्ह्यात कयाधूच्या काठी आहे. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून परंपरेने ओळखलं जातं. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. पुणं त्याहून शंभरेक मीटर वर. आणि आपल्या अख्ख्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या माणसाने कितीही गड पालथे घातलेले असोत, विरळ हवा म्हणजे नक्की काय प्रकरण असतं ते त्याला इथे राहून कळूच शकत नाही. हरिश्चंद्रगडावर दम लागतो तो चढाचा, हवेचा नाही. आता पुढचे आकडे बघा. केदारनाथ ३,५८३ मीटर. एव्हरेस्टचा बेसकॅम्प ५,३६४ मीटर. एक कळसूबाईच्या दुपटीहून जास्त, दुसरा तिपटीहून जास्त.

"वर ऑक्सिजन कमी असतो" असं आपण सगळेच म्हणतो. खरं तर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही तेवढंच असतं, २१ टक्क्यांच्या आसपास. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रकाठच्या निम्मा उरतो, केदारनाथच्या उंचीवर साधारण दोन-तृतीयांश. दाब कमी म्हणजे प्रत्येक श्वासात येणारा ऑक्सिजन कमी. शरीर याच्याशी जुळवून घेतं, नाही असं नाही. श्वास वाढतो, नाडी वाढते, मूत्रपिंडं रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल पुन्हा जुळवतात, हळूहळू तांबड्या पेशी वाढतात. पण याला दिवस लागतात. तास नाही, दिवस. आणि तुम्ही किती दणकट आहात, रोज किती सूर्यनमस्कार घालता, याच्याशी त्या वेगाचा फारसा संबंध नसतो. उलट दणकट माणूस भरभर चढतो आणि म्हणूनच जास्त गोत्यात येतो.

म्हणून डॉक्टर मंडळींनी काही साधे नियम घालून दिलेत. मुलांच्या बाबतीत उंचीच्या आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी २००१ साली एकत्र बसून जे ठरवलं त्याचा सारांश असा, की अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची दिवसाला ३०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि दर हजार मीटरला एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या.

भाचेराव, आता तुमचं पॅकेज काढा. बारा-चौदा दिवसांचं आहे. लुक्लाचा विमानतळ २,८६० मीटरच्या आसपास. तिथून बेसकॅम्प म्हणजे अडीच हजार मीटरचा चढ. दिवसाला ३०० धरले तर आठ-नऊ दिवस, वर विश्रांतीचे दोन-तीन. म्हणजे नुसतं चढायलाच दहा-अकरा दिवस, उतरायचे वेगळे, आणि लुक्लाला ढग आले की विमान उडत नाही त्याचे दोन दिवस हाताशी ठेवायचे ते आणखी वेगळे. तुमच्या पॅकेजमध्ये चढायला आठ दिवस दिलेत. ते मोठ्या माणसांसाठी आखलेले आहेत, आणि मोठ्या माणसांमधलेही कितीतरी जण त्या वेळापत्रकात डोकं धरून बसतात.

आणि बंधुराज, तुमचा हिशोब तर याहून अवघड आहे. गौरीकुंड दोन हजार मीटरच्या जरा खाली. तिथून केदारनाथ सोळा किलोमीटर, आणि चढ सोळाशे मीटरचा. तो तुम्ही एका दिवसात करणार, घोड्यावरून केला तर काही तासांत, हेलिकॉप्टरने केला तर काही मिनिटांत. वरच्या नियमाने याला अडीच हजारांच्या पुढेच तीन-चार मुक्काम लागतात. एव्हरेस्टचा बेसकॅम्प उंच आहे म्हणून त्याची भीती वाटते. केदारनाथ देवाचं ठिकाण आहे म्हणून तिथे भीती वाटत नाही. फुप्फुसांना यातलं काही कळत नाही.

"लाखो लोक जातात, लहान लहान लेकरं जातात, काही होत नाही," हे मला आत्ताच ऐकू येतंय. खरंय, बहुतेकांना काही होत नाही. मी खोटं भय घालणार नाही. मुलांना उंचीचा त्रास मोठ्यांपेक्षा फार जास्त होतो असंही अभ्यासातून दिसत नाही, साधारण मोठ्यांइतकाच होतो. २०२२ च्या चारधाम यात्रेत दोनशेहून अधिक यात्रेकरू दगावले, पण त्यात बरेचसे वयस्कर आणि हृदयाचे वगैरे आजार असलेले होते. मग माझा मुद्दा काय? मुद्दा असा की मोठ्या माणसाला त्रास झाला तर तो सांगतो. लहान मूल सांगू शकत नाही.

उंची लागल्याची लक्षणं काय असतात? डोकं दुखणं, भूक न लागणं, मळमळ, झोप न येणं, गळून जाणं. आता मला सांगा, प्रवासात चौथ्या दिवशी चार वर्षांचं कुठलं पोर किरकिर करत नाही? कुठलं पोर नव्या जागी धड जेवतं? कोण आजी म्हणणार आहे की याचा मेंदू सुजत असेल? आजी म्हणणार, "कंटाळलंय बिचारं, झोपू दे." आणि झोपू देणं हीच त्या वेळी सगळ्यात वाईट गोष्ट असू शकते. म्हणून मुलांसाठीचा नियम मोठ्यांपेक्षा कडक आहे. उंचीवर गेल्यावर मूल बिनसलं, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच बिनसलंय असं धरायचं आणि खाली उतरायचं. आणखी वर जायचं नाही. आता तुम्हीच सांगा, सोळा किलोमीटर चढून, रांगेत सहा तास उभं राहून, दर्शन अर्ध्या तासावर आलेलं असताना, नातू किरकिरतोय म्हणून कोण खाली उतरणार आहे?

मी स्वतः लेहला गेलो होतो, विमानाने. तिथल्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पहिले दोन दिवस खोलीत पडून काढले. डोकं असं ठणकत होतं की विचारू नका. पण मी पन्नाशीचा माणूस होतो. "डोकं दुखतंय, मला आज कुठे यायचं नाही" एवढं मला बोलता येत होतं आणि माझं ऐकलंही जात होतं. चार वर्षांच्या पोराकडे यातलं काहीच नसतं.

आणखी दोन-तीन गोष्टी, ज्या यात्रेच्या यादीत कुणी लिहीत नाही.

पहिली सर्दी. लहान मुलांचं नाक वर्षातून सहा-आठ वेळा वाहतंच. नुकताच सर्दी-खोकला झालेल्या मुलाला उंचीवर नेलं तर फुप्फुसात पाणी भरण्याचा धोका वाढतो. हरिद्वारच्या ए.सी. गाडीत सर्दी झाली म्हणून यात्रा कुणी रद्द करत नाही.

दुसरी कंडी. केदारच्या वाटेवर लेकरांना पाठीवरच्या टोपलीत बसवून नेतात. नेणारा माणूस चढताना घामाघूम झालेला असतो. बरोबर चालणारे आजी-आजोबाही तापलेले असतात. सगळ्यांना वाटतं, फार काही थंडी नाही. आणि ते पोर मात्र हातपाय न हलवता तीन-चार तास वाऱ्यात बसलेलं असतं. लहान शरीर मोठ्यापेक्षा फार लवकर गार पडतं. "शांत झोपून गेलं बघा, जरासुद्धा त्रास दिला नाही," यातली ती झोप नेहमीच समाधानाची असते असं समजू नका.

तिसरी कापूर. आपल्याकडे प्रत्येक यात्रेकरूच्या खिशात कापराची पुरचुंडी असते, दम लागला की हुंगायची. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तिळभरही वाढत नाही. आणि ती वडी लहान मुलाच्या तोंडात गेली तर झटके येऊ शकतात. डायमॉक्सच्या गोळ्यांचंही असंच. मुलाला किती द्यायची आणि द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, बसमधले अनुभवी काका नाही. आणि गोळी दिली म्हणून आजारी मुलाला आणखी वर नेता येत नाही. त्यावर खाली उतरणं हाच उपाय.

असो. आता पुण्याकडे वळतो, कारण नरसीची मंडळी एव्हाना चिडून चहा टाकायला उठली असतील.

पुण्याच्या बाजूला एक निराळीच भानगड आहे, विक्रमाची. २०२२ साली मुंबईची एक दहा वर्षांची मुलगी बेसकॅम्पला पोचली, बातम्या झाल्या. २०२३ साली ठाण्याची सहा वर्षांची मुलगी पोचली, पुन्हा बातम्या. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या एका जोडप्याने आपल्या दोन वर्षांच्या मुलाला नेलं, बराचसा रस्ता आईबापांच्या पाठीवरून. ही सगळी लेकरं सुखरूप परत आली, आनंद आहे. त्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझं म्हणणं लेकरांबद्दल नाहीच. पण तो क्रम बघा. दहा, सहा, दोन. धावण्याचा विक्रम मोडायला जास्त वेगाने धावावं लागतं. हा विक्रम मोडायला काय लागतं? आणखी लहान मूल. यात प्रगतीचा दुसरा रस्ताच नाही. पाठीवर बसून गेलेल्या दोन वर्षांच्या बाळाने काय केलं, सांगा बरं? ते फक्त होतं तिथे.

"मामा, मग पूर्णाचं काय?" असं भाचेराव विचारणार. विचारलंच आहे, म्हणून उत्तर देतो. मालावत पूर्णा, आपल्या नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातली, पाकाला गावची आदिवासी मुलगी. २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोचली तेव्हा चौदाचीही पुरती नव्हती. नेपाळच्या बाजूने सोळाच्या आत परवानगी नाही, म्हणून तिबेटच्या बाजूने गेली. तिचं मला अपार कौतुक आहे. २०१८ साली आपल्या आदिवासी विकास खात्याच्या 'मिशन शौर्य'मधून चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पाच मुलं वर पोचली, तेव्हा तर मी पेढे वाटले होते. आणि मुंबईच्या नेव्ही स्कूलची काम्या कार्तिकेयन. बाराव्या वर्षी अकोंकाग्वा, फेब्रुवारी २०२० मध्ये, आणि सोळाव्या वर्षी एव्हरेस्ट, मे २०२४ मध्ये.

पण यातून काय निघतं ते नीट बघा. पूर्णाला आधी भोंगीरच्या कातळावर चढायला शिकवलं, मग दार्जिलिंगला, मग लडाखच्या हिवाळ्यात. महिनोन्‌महिने. मुलांच्या मोठ्या घोळक्यातून गाळत गाळत तिला निवडलं. चंद्रपूरच्या मुलांचंही तसंच. काम्याने लहानपणी लोणावळ्याच्या टेकड्यांपासून सुरुवात केली आणि मग वर्षं घालवत वर सरकली. ही मुलं बोलू शकत होती, दोर बांधू शकत होती, "मला पुढे जायचं नाही" असं म्हणू शकत होती. आणि इतकं सगळं असूनही, तेरा वर्षं हे वय एव्हरेस्टसाठी कमीच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. नेपाळने सोळाचा नियम उगाच केलेला नाही. पूर्णाचं धाडस हे पूर्णाचं आहे. त्यावरून आठ वर्षांच्या मुलीसाठी परवानगी काढता येणार नाही.

मला या विषयात एव्हरेस्टपेक्षा दुसरीच दोन मुलं जास्त आठवतात. एक आपल्याकडचा, ओडिशाचा बुधिया सिंग. मे २००६ मध्ये, चार वर्षांचा असताना, तो पुरीहून भुवनेश्वरपर्यंत पासष्ट किलोमीटर धावला. सात तासांहून जास्त. टी.व्ही.वर सगळ्या देशाने पाहिलं, टाळ्या वाजवल्या, आणि शेवटी तो कोसळला तेही पाहिलं. मग सरकारने त्याचं असं धावणं बंद केलं, तेव्हा किती लोकांनी ओरडा केला की बघा, गरिबाच्या पोराचं यश डोळ्यात खुपतं! त्या पोराला धावायला आवडत होतं, हे खरंच असेल. चार वर्षांच्या पोराला ज्याने टाळ्या मिळतात ते सगळंच आवडतं.

दुसरी अमेरिकेतली जेसिका डुब्रॉफ. सात वर्षांची. बाप आणि प्रशिक्षक सोबत घेऊन छोट्या विमानाने अमेरिका ओलांडणारी सगळ्यात लहान मुलगी व्हायचं होतं. ११ एप्रिल १९९६ ला वायोमिंगमधल्या शायेन गावाहून वादळी हवेत उड्डाण केलं आणि काही क्षणांत विमान पडलं. तिघंही गेले. चौकशीत जे निघालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. वेळापत्रक फार ताणलेलं होतं, आणि त्यामागे वार्ताहरांना दिलेल्या वेळा हेही एक कारण होतं. पुढच्या गावी कॅमेरे वाट बघत होते. थांबणं परवडणारं नव्हतं. अमेरिकेने त्याच वर्षी कायदा करून असले लहान मुलांचे विमानविक्रम बंद केले.

"पण तिलाच जायचंय, ती स्वतःच म्हणते!" असं भाचेसूनबाईंनी मला सांगितलं. म्हणत असेल की. आठ वर्षांच्या मुलीला बाबाचे डोळे कशाने चमकतात ते नेमकं कळतं. आणि म्हणूनच तिसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागल्यावर ती ते लपवेल, ही मला खरी भीती आहे. शाळेत निरोप समारंभ झालाय, आजोबांनी जाकीट घेऊन दिलंय, बाबाने रोजचे फोटो टाकायला सुरुवात केलीय. एवढ्या ओझ्याखाली कुठली पोर म्हणेल की मला परत जायचंय?

"शेर्पांची मुलं नाही का राहत तिथे?" राहतात. हजारो वर्षं तिथे राहिलेल्या लोकांच्या रक्तातच उंचीशी जुळवून घेण्याचे बदल झालेले आहेत. तुमच्या-माझ्या रक्तात नाहीत. आणि विक्रमाच्या मागे लागलं की शेर्पांचीही सुटका नसते. तेंबा छिरी नावाच्या पंधरा वर्षांच्या शेर्पा मुलाने २००० साली सगळ्यात लहान एव्हरेस्टवीर व्हायचा प्रयत्न केला. त्यात हिमदंशाने त्याची बोटं गेली. पुढच्या वर्षी तो वर पोचला, ते सगळीकडे छापून आलं. बोटं परत आली नाहीत.

आता माझ्या दुसऱ्या भांडणाकडे येतो, म्हणजे "पोरांना डोंगर नकोच" म्हणणाऱ्यांकडे.

यांची भूमिका मला जास्त खटकते, कारण तिच्यात आळस आहे. आपल्या मराठवाड्यात किती मुलांनी उन्हाळ्यात बसून चारधाम केलाय आणि किती मुलांनी देवगिरीचा किल्ला पायी वरपर्यंत पाहिलाय, याची एकदा मोजणी करा. माहूरगड किती लांब आहे नरसीहून? औंढ्याच्या आसपासच्या टेकड्यांवर पावसाळ्यात कोण जातं? दहा वर्षांच्या मुलाला कळसूबाई सहज जमतं, आणि वर गेल्यावर जो वारा अंगाला लागतो तो त्याला जन्मभर पुरतो. डोंगर मुलांना लागतोच. पाय दुखणं, तहान लागणं, पाण्याची बाटली दुसऱ्याला देणं, वाट चुकणं, शेवाळावरून घसरणं, हे सगळं लागतं. त्याला पाच हजार मीटर लागत नाहीत. पोरांना मोबाईलमधून बाहेर काढायला एव्हरेस्टपर्यंत नेण्याची गरज नसते, घराबाहेरच्या टेकडीपर्यंत नेलं तरी काम होतं.

आणि हेच लोक, जे सहलीच्या कागदावर सही करत नाहीत, "टेकडीवर पाय मोडेल" म्हणतात, तेच देवाचं नाव आलं की चार वर्षांच्या लेकराला साडेतीन हजार मीटरवर कंडीत बसवून पाठवतात. देवावर भरवसा असणं वेगळं, आणि देवाच्या भरवशावर दुसऱ्याचा जीव टांगणं वेगळं. अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर आहे. तिथे तेरा वर्षांखालच्या मुलांना नोंदणीच मिळत नाही, डॉक्टरी प्रमाणपत्र सगळ्यांनाच लागतं. केदारनाथ त्याहून तीनशे मीटर खाली, तिथे वयाची अट नाही. म्हणजे त्या तीनशे मीटरमध्ये चार वर्षांचं पोर एकदम तेराचं होतं का? नियम नाही म्हणून धोका नाही असं थोडंच असतं.

शिवाय आपण एक गोष्ट विसरलोय. जुनी यात्रा सावकाश होती. लोक हरिद्वारहून, ऋषिकेशहून पायी निघत, चट्टी-चट्टीला मुक्काम करत, कित्येक दिवसांनी वर पोचत. त्यांना हवेचा दाब वगैरे शब्द माहीत नव्हते, पण शरीराला जुळवून घ्यायला जो वेळ लागतो तो त्या चालण्यातच मिळून जायचा. आपल्या नामदेव महाराजांचंच बघा ना. परंपरा सांगते की ते इथून थेट पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांच्या रचना गुरू ग्रंथ साहिबात आहेत, २०१५ साली घुमानला मराठी साहित्य संमेलनही झालं. तो माणूस काही बारा दिवसांचं पॅकेज घेऊन गेला नव्हता! रस्ता झाला, हेलिकॉप्टर आलं, आणि आपण यात्रेतला वेळ तेवढा कापून टाकला. मोठ्यांनी स्वतःसाठी कापला तर त्यांचं ते बघतील. लेकरांसाठी कापू नका.

म्हणून निघण्याआधी आईबापांनी (आणि आजी-आजोबांनी) स्वतःला तीन प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. एक, हे मूल आपल्याला काय होतंय ते शब्दांत सांगू शकतं का? दोन, आपल्याकडे दोन-तीन दिवस जास्तीचे आहेत का? आणि तीन, अर्ध्यातून परत आलो तर चार लोकांना ते सांगायला आपल्याला लाज वाटेल का? पहिल्या दोनांचं उत्तर 'नाही' असेल किंवा तिसऱ्याचं 'हो' असेल, तर मुलाला घरी ठेवा. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. ज्या आईबापांना परत फिरता येतं त्यांच्या मुलाला मी कुठेही पाठवीन.

आता घरच्यांसाठी, नुसता उपदेश नको म्हणून, काही ठोस.

भाचेराव, नेपाळला जरूर जा. पण नामचे बाजारपर्यंत जा. ते ३,४४० मीटरवर आहे. वाटेत दोन मुक्काम करा, नामचेला तीन रात्री राहा, वरच्या टेकडीवरून एव्हरेस्ट दाखवा तिला, आणि परत या. हिमालय तिला दिसेल, याक दिसतील, झुलते पूल दिसतील. बेसकॅम्पला तसंही दगडच आहेत, आणि तिथून एव्हरेस्टचं शिखर दिसतसुद्धा नाही. तो बेत ती सोळा-सतरा वर्षांची झाली आणि तेव्हाही तिला जावंसं वाटलं तर तिचा ती करेल. त्या वेळी तू तिच्यामागून चाल, दमत दमत.

आणि नरसीकरांनो, यात्रा रद्द करा असं मी म्हणत नाहीये. इतक्या वर्षांची इच्छा आहे तुमची, जा. जमलं तर वाटेत लिंचोलीला एक मुक्काम टाका, एका दमात वर जाऊ नका, आणि जायच्या आधी दोघांनीही हिंगोलीला हृदयाची तपासणी करून घ्या. नातवंडांना ऋषिकेशपर्यंत आणा. मी तिथे येऊन राहतो. तुम्ही वरून परत येईपर्यंत पोरं माझ्याकडे. गंगेवर नेईन, रोज एक टेकडी चढवीन, आणि केदारनाथाला नमस्कार खालूनच करायला लावीन. तिकीट कधीचं काढायचं तेवढं कळवा, मे महिन्यात गाड्या लवकर भरतात.